'री-अ‍ॅनिमेटर' (1985) : गच्चीवरच्या प्रेक्षकांचे नेहमीचे प्रश्न

सोलापुरात थंडी पडली की आम्ही काही जण घरच्या गच्चीवर पडदा बांधतो आणि जुने भयपट लावतो. 'री-अ‍ॅनिमेटर'ची मागणी सगळ्यात जास्त आणि त्यावरचे वादही सगळ्यात जास्त. बघायला मेडिकलची मुलं-मुली येतात, हौशी नाटकवाले येतात, शेजारपाजारचे काका-मावशी येतात. सिनेमा संपला की घरी जायचं सोडून सगळे कठड्याला टेकून बोलत बसतात, आणि दर वेळी तेच प्रश्न निघतात. त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. ज्या उत्तरात शेवट कळतो तिथे तसं आधीच सांगितलं आहे.

गोष्ट काय आहे?

हर्बर्ट वेस्ट नावाचा विद्यार्थी स्वित्झर्लंडमधल्या झुरिकहून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अर्कहॅम गावी, मिस्कॅटॉनिक मेडिकल स्कूलमध्ये येतो. गाव आणि कॉलेज दोन्ही काल्पनिक. त्याच्याजवळ हिरवं चमकणारं औषध आहे. ते मेलेल्याला टोचलं की मेलेला उठतो. डॅन केन या सहाध्यायाच्या घरी तो भाड्याने राहतो, कारण त्या घराला तळघर आहे. डॅनचं डीनच्या मुलीवर, मेगनवर प्रेम आहे. कॉलेजात मेंदूवरचे मोठे तज्ज्ञ डॉ. कार्ल हिल शिकवतात. वेस्टच्या गुरूचं संशोधन त्यांनी ढापलं, असं तो त्यांच्या तोंडावर म्हणतो. मग डॅनचं मांजर मेलेलं सापडतं, तेही वेस्टच्या फ्रीजमध्ये. तिथून सगळं घसरत जातं. प्रेतं उठतात, पण उठतं ते माणूस नसतं.

दिग्दर्शक स्टुअर्ट गॉर्डन, निर्माता ब्रायन युझ्ना. वेस्ट झालाय जेफ्री कोम्ब्स, डॅन ब्रूस अ‍ॅबट, मेगन बार्बरा क्रॅम्प्टन आणि हिल डेव्हिड गेल. अमेरिकेत सिनेमा लागला 18 ऑक्टोबर 1985 ला. खर्च साधारण 9 लाख डॉलर, म्हणजे हॉलिवुडच्या मानाने किरकोळच.

हा सिनेमा बघून हसायचं की घाबरायचं?

दोन्ही, आणि बऱ्याचदा एकाच क्षणी. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

भडक भयपट आपल्याला नवे नाहीत. 1984 चा 'पुराना मंदिर' आमच्या आधीच्या पिढीने थेटरात शिट्ट्या मारत पाहिला. 'री-अ‍ॅनिमेटर' त्याच काळातला आणि तितकाच भडक. तरी त्याची जात वेगळी आहे. आपण गमतीच्या सिनेमात काम करतोय, हे यातल्या एकाही नटाला ठाऊक नाही असं वाटतं. कोम्ब्सकडे नीट बघा. काळा कोट, घट्ट टाय, चष्मा, जराही न हलणारे ओठ. वर्गात हिल मेंदूच्या मृत्यूवर व्याख्यान देत असतात. वेस्ट काही न बोलता त्यांच्याकडे बघतो आणि हातातली पेन्सिल कट्‌कन मोडतो. मग दुसरी घेतो, तीही मोडतो. गच्चीवर इथे हमखास हशा पिकतो. वेस्ट मात्र हसत नाही. त्याला खरोखर राग आलेला असतो. विज्ञानाची चोरी होतेय आणि कुणाला पत्ताही नाही, याचा तो राग आहे.

गॉर्डन मूळचा रंगभूमीवरचा माणूस. शिकागोच्या ऑर्गॅनिक थिएटरमध्ये त्याने अनेक वर्षं नाटकं बसवली. नाटकवाल्याला एक गोष्ट पक्की माहीत असते : प्रसंग जितका अचाट, तितकं नटाने त्यात खरं उतरायचं. आपल्या संगीत नाटकात मरणपंथाला लागलेलं पात्रसुद्धा पद पूर्ण करतं. गाणाऱ्याने जीव ओतला तर प्रेक्षकाच्या डोळ्यात पाणी येतं, त्याने अंग चोरलं तर फजिती होते. गॉर्डनच्या सिनेमात कुणी अंग चोरत नाही. म्हणून हसू आणि भीती एकमेकांना मारत नाहीत. रॉजर ईबर्टसारख्या समीक्षकाने याला चारपैकी तीन तारे दिले. 'स्वस्तातला रक्तपट' म्हणून बाजूला सारता येईल असा हा सिनेमाच नाही, असं मी ठामपणे म्हणतो.

'कल्ट' म्हणतात ते का?

थेटरात त्याने ठीकठाक धंदा केला. खरा प्रेक्षक मिळाला तो व्हिडिओ कॅसेटवर. एकाने बघायची, दुसऱ्याला द्यायची, मग चार जणांनी मिळून पुन्हा बघायची, अशा हातोहात प्रवासातून जो सिनेमा टिकतो त्याला कल्ट म्हणतात.

ते बोलणारं मुंडकं कसं केलंय?

(इथे कथेतला मोठा भाग कळतो.) वेस्ट फावड्याने हिलचं डोकं धडावेगळं करतो आणि लगेच त्याला कुतूहल वाटतं : डोकं आणि धड दोन्हीला वेगवेगळं औषध टोचलं तर? डोकं टेबलावर नीट उभं राहत नाही, घरंगळतं. वेस्ट शांतपणे इकडेतिकडे बघतो, कागद खुपसून ठेवायचा खिळा उचलतो आणि मुंडकं त्यावर बसवतो. नव्या पेठेतल्या जुन्या दुकानांत गल्ल्याशेजारी पावत्या खुपसायला असायचा, तसाच खिळा. गच्चीवरून आरोळी येते, "अबे, पावतीसारखं खुपसलं की बे!" हा प्रसंग ज्याने लिहिला त्याला दुकान आणि प्रयोगशाळा दोन्ही माहीत असणार.

आता कृती. संगणकाची जादू यात कुठेच नाही, 1985 मध्ये या पैशांत ती शक्यही नव्हती. जिथे हिल बोलतो तिथे डेव्हिड गेलचं खरंच डोकं आहे. टेबलाला किंवा ट्रेला भोक, खाली बसलेला नट आणि गळ्याभोवती रंगवलेलं कातडं. अवघड काम होतं डोकं हातात घेऊन चालणाऱ्या धडाचं. ही यंत्रकामाची बाजू टोनी डब्लिनने सांभाळली. माणसाच्या खांद्यांवर खोटे खांदे चढवले की धड बेढब उंच दिसतं, म्हणून प्रत्येक दृश्याला वेगळी युक्ती काढावी लागली. एका युक्तीत खोटी छाती-खांदे असे बांधले होते की गेलने पुढे वाकून डोकं बाहेर काढायचं, आणि बघणाऱ्याला वाटायचं, हे धड आपलंच मुंडकं हातात धरून चाललंय.

जत्रेच्या तंबूत टेबलावर नुसतं मुंडकं ठेवलेलं असतं आणि ते लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतं, हा खेळ ज्यांनी पाहिलाय त्यांना यातली अर्धी गंमत आधीच कळते. तिथे टेबलाच्या पायांमध्ये कोन साधून आरसे बसवतात. आरशात बाजूचा पडदा दिसतो, आपल्याला वाटतं टेबलाखाली मोकळं आहे, आणि बाकीचं शरीर आरशामागे असतं. वेस्टसुद्धा हिलला हिणवताना असल्याच जत्रेतल्या खेळात नोकरी बघ म्हणतो. या वाक्याला सर्वांत मोठ्याने हसतात ते सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत लहानपण गेलेले लोक.

अजून एक जागा चुकवू नका. बिनडोक्याच्या धडाला पहारेकऱ्यासमोरून जायचं असतं. ते मानेवर शिकवण्याच्या मॉडेलचं डोकं ठेवतं, वर मास्क लावतं आणि निघतं.

इतकं रक्त खरंच वापरलं?

रंगभूषाकार जॉन नॉलिनने सांगितल्याप्रमाणे त्याच्या आधीच्या सिनेमांत 2 गॅलनच्या वर रक्त कधी लागलं नव्हतं, इथे 24 गॅलन लागलं. म्हणजे सुमारे 90 लिटर. प्रेतांचे रंग मात्र अंदाजपंचे दिलेले नाहीत. शिकागोच्या कुक काउंटी शवागारातले फोटो समोर ठेवून मृत्यूनंतर कातडी कुठे जांभळी पडते, कुठे पिवळी, हे त्याने अभ्यासलं. आमच्याकडे येणारी फॉरेन्सिक शिकणारी मुलं या रंगांना दाद देतात.

हिरवं औषध म्हणजे प्रकाशकांड्यांमधलं द्रव. मिरवणुकीत पोरं मनगटाला बांधतात त्या काड्या. दिवा लावल्यासारखं ते सिरिंजमध्ये आपलं आपण चमकतं.

मांजराला इजा केली का?

नाही. हल्ला करणारं मांजर सरळसरळ बाहुलं आहे, ते दिसतंच. अंधारात हेलकावणाऱ्या दिव्याखाली नट स्वतःच ते अंगावर धरून झटापट करतात. प्राणीप्रेमींनी निर्धास्त बघावं.

सुरुवातीचं संगीत कुठेतरी ऐकलंय. चोरलंय का?

रिचर्ड बँडचं शीर्षकसंगीत 'सायको'साठी (1960) बर्नार्ड हरमनने केलेल्या तंतुवाद्यांच्या संगीतावर उघडउघड बेतलेलं आहे. त्यावर त्याने ताल चढवला आहे. ओळखीची भयाची धून आणि तिच्याखाली पाय हलवायला लावणारा ठेका, हे जमलंय उत्तम. तरी हरमनचं ऋण मोठं आहे आणि काही जण ते खपवून घेत नाहीत. त्यांचा राग मला समजतो.

कोणती आवृत्ती बघावी?

सुमारे 86 मिनिटांची, प्रमाणपत्राविना प्रदर्शित झालेली. गॉर्डनला रक्त कापायचं नव्हतं, म्हणून ती अमेरिकेत मानांकन न घेताच लावली. नंतर व्हिडिओसाठी मवाळ आवृत्ती निघाली. तिच्यात रक्त कमी झालं, पण भरपाई म्हणून आधी वगळलेली दृश्यं घातली, त्यामुळे ती उलट लांबली. त्या दृश्यांत हिल संमोहन करतो असं एक उपकथानक आहे. जिज्ञासूंनी दुसऱ्या खेपेला बघावं. पहिल्या खेपेला नको, वेग मरतो.

मेगनचा तो प्रसंग...

हो. शवागारात हिलचं मुंडकं मेगनवर अत्याचार करतं तो प्रसंग. त्याची गंमत म्हणून चर्चा फार होते. मला ती गंमत वाटत नाही आणि आमच्या गच्चीवर त्यावेळी शिट्ट्या चालत नाहीत. नवीन माणूस आला की आम्ही आधीच सांगतो, कुणाला उठून खाली चहाला जायचं असेल तर जाता येतं.

कथेत त्या प्रसंगाला जागा आहे. हिलची मेगनवरची नजर पहिल्या जेवणाच्या दृश्यापासून दाखवलेली आहे, आणि सभ्य, मान्यवर डॉक्टरच्या मनात काय आहे ते इथे उघडं पडतं. तरीही कॅमेरा तिच्या भीतीपेक्षा तिच्या शरीराकडे जास्त वेळ बघतो. तो दोष सिनेमाचा आहे आणि सिनेमा आवडणाऱ्याने तो मान्य करावा. बार्बरा क्रॅम्प्टनने भूमिका विलक्षण ताकदीने केली आहे. मेल्यावर औषध टोचून उठवलेल्या वडिलांना त्या अवस्थेत ओळखून ती "डॅडी" म्हणते, तिथे हसणारा प्रेक्षक मी अजून पाहिलेला नाही.

मुलांना घेऊन येऊ का?

नको. फक्त प्रौढांसाठी. मुलांना वेडा शास्त्रज्ञ दाखवायचाच असेल तर 1989 चा 'हनी, आय श्रंक द किड्स' लावा. पोरांना मुंगीएवढं करून टाकणाऱ्या बापाच्या त्या गोष्टीच्या कथालेखकांत हेच गॉर्डन आणि युझ्ना आहेत.

मेलेला माणूस असा उठू शकतो का? विज्ञान काय म्हणतं?

औषध टोचून, नाही. पण प्रश्न हास्यास्पदही नाही, आणि म्हणूनच हा सिनेमा डोक्यात राहतो.

हृदय थांबलं की मेंदूच्या पेशींना प्राणवायू मिळत नाही आणि साधारण 4 ते 6 मिनिटांत त्यांचं नुकसान सुरू होतं. छाती दाबून कृत्रिम रक्ताभिसरण देतात ते हा वेळ वाढवण्यासाठीच. हिल आणि वेस्ट वर्गात भांडतात ते याच मर्यादेवरून.

ती मर्यादा ओलांडायचे प्रयत्न खऱ्या प्रयोगशाळांतही झाले. लुइजी गॅल्वानीने 1780 च्या दशकात बेडकाच्या पायाला वीज लावून स्नायू हलवला. त्याचा भाचा जोव्हान्नी अल्दिनी याने 1803 मध्ये लंडनला, फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टरच्या प्रेतावर लोकांसमोर तोच प्रयोग केला. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. बघणाऱ्यांना वाटलं माणूस उठतोय. स्नायू आकसणं म्हणजे जीव नव्हे, हे तेव्हा सगळ्यांना उमगलेलं नव्हतं. अलीकडचं उदाहरण 2019 चं : अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाने कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या मेंदूंत, मृत्यूनंतर 4 तासांनी, खास द्रव फिरवून पेशींची काही कामं पुन्हा चालू केली. जाणिवेची मात्र कोणतीही खूण दिसली नाही. आणि दिसलीच तर प्रयोग तत्काळ थांबवायची तयारी त्या लोकांनी आधीच करून ठेवली होती. हर्बर्ट वेस्टकडे नेमकी हीच तयारी नाही. प्रेत उठलं, किंचाळलं, की तो घड्याळ बघून वेळ टिपतो.

सिनेमा बघून आई म्हणते, देहदानाचा अर्ज मागे घेते. काय सांगू?

हे खरंच विचारलं गेलंय आणि मला या प्रश्नाचं महत्त्व वाटतं. आईला सांगा, वेस्ट आणि हिल कुणाची परवानगी घेत नाहीत. मेलेल्याची नाही, नातेवाइकांचीही नाही. देहदानात सगळा पायाच परवानगीचा आहे. माणूस जिवंतपणी स्वतः इच्छा लिहून ठेवतो आणि गेल्यावर नातेवाईक देह सुपूर्त करतात. नातेवाइकांनी नाही म्हटलं तर कुणी जबरदस्ती करत नाही. आपल्याकडे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र विभाग आहे. पहिल्या वर्षाची मुलं अशा देहांवरच शिकतात.

घरात दोन गोष्टी माहीत असाव्यात. मृत्यूनंतर जितक्या लवकर कळवाल तितकं बरं, आणि मृत्यूचा दाखला लागतो. शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारत नाहीत. नेत्रदान वेगळं, ते साधारण 6 तासांच्या आत व्हावं लागतं. अर्ज कपाटात कुलपात ठेवू नका, मुलांना दाखवून ठेवा.

डॉ. कोटणिसांच्या गावात डॉक्टरांचं असं चित्र दाखवणं शोभतं का?

शेजारच्या काकांचा हा आवडता प्रश्न. द्वारकानाथ कोटणिसांचा जन्म सोलापुरातला, 1910 चा. 1938 मध्ये ते युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये वैद्यकीय पथकाबरोबर गेले, घायाळांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 1942 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी तिथेच गेले. व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला. हे चित्र ज्या गावाने मनात जपलंय, त्याच गावाला हर्बर्ट वेस्ट नीट कळतो असं मला वाटतं. वेस्टही जागतो, राबतो, स्वतःची पर्वा करत नाही. पण त्याच्या पूर्ण धडपडीत एकही रुग्ण नाही. टेबलावर कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, औषध लागू पडलं की नाही एवढंच बघायचं असतं. तेव्हा काका, शोभतं.

शेवटी डॅन जे करतो ते बरोबर की चूक?

(शेवट कळेल.) मेगन मरते. डॅन तिला टेबलावर घेतो, छाती दाबतो, झटके देतो, सगळं करतो. काही होत नाही. मग उरलेलं औषध सिरिंजमध्ये भरतो. पडदा काळा होतो आणि तिची किंकाळी ऐकू येते.

आता सिनेमातलं डॅनचं पहिलं दृश्य आठवा. रुग्ण गेलेली असते, डॅन छाती दाबतच राहतो, आणि वरिष्ठ डॉक्टर हॅरॉड त्याला थांबवते. ही भूमिका गॉर्डनची पत्नी कॅरोलिन पर्डी-गॉर्डन हिने केली आहे. डॅनला थांबता येत नाही, हे त्याच्या पहिल्याच प्रसंगात सांगून टाकलंय. वेस्टला कुतूहल आवरत नाही, डॅनला माया. औषध वेस्टचं असलं तरी शेवटची सुई प्रेमाने टोचलेली आहे.

हा मुद्दा निघाला की गच्चीवर कच-देवयानी येतेच. शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या होती. असुरांनी कचाला मारून लांडग्यांना घातलं, पुन्हा मारून समुद्रात मिसळलं, शेवटी जाळून राख मद्यात घालून खुद्द गुरूला पाजली. देवयानीच्या हट्टासाठी शुक्राचार्य दर वेळी त्याला परत आणतात. पण कच परत येतो तेव्हा कचच असतो, नावाने हाक मारली की ओ देतो. डॅनला ती हमी नाही, आणि हे त्याला मेगनच्या वडिलांवरून स्वच्छ दिसलेलं आहे. तरी तो टोचतो. माझं मत विचाराल तर चूक. पण अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसून "डॉक्टर, अजून काहीतरी करा" असं ज्यांनी म्हटलंय, ते लोक डॅनची बाजू घेतात आणि त्यांच्यापुढे माझं मत हळू आवाजातच निघतं.

मूळ कथा वाचावी का?

सिनेमा ज्यावरून काढला ती एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराची कथा 'होम ब्रू' या मासिकात 1922 मध्ये सहा भागांत आली. प्रत्येक भागाला 5 डॉलर मिळायचे आणि स्वतः लेखकाला हे काम आवडलेलं नव्हतं. दर भागाच्या शेवटी वाचकाला लटकत ठेवायचं, हे त्याला रुचत नसे. त्यात मेगन नाही. एका भागात कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याचं वर्णन इतकं वंशद्वेषी आहे की वाचवत नाही. कथा वाचल्यावर गॉर्डन-युझ्नाने काय टाकलं आणि काय जोडलं ते कळतं. तेवढ्यासाठी वाचावी.

हे मराठीत रंगमंचावर होईल का?

नाटकवाल्यांनो, लॉस एंजेलिसला 2011 मध्ये याचं संगीत नाटक झालंय, गॉर्डननेच बसवलं होतं. पुढच्या रांगांतल्या प्रेक्षकांवर रक्त उडायचं आणि लोक ते अंगावर घ्यायला मुद्दाम पुढे बसायचे. आपल्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात असं काही करायचं तर आधी खुर्च्यांचा विचार करावा लागेल. पण हिलच्या तोंडी पद फार शोभेल.

जेवून यावं की येऊन जेवावं?

आधी जेवून या. शेवटच्या भागात आतडी आहेत.

पुढचे भाग बघायचे का?

'ब्राइड ऑफ री-अ‍ॅनिमेटर' (1990) युझ्नाने दिग्दर्शित केला. त्यात वेस्ट आणि डॅन मेगनचं हृदय घेऊन तुकड्या-तुकड्यांतून एक स्त्री जोडतात. गोष्ट विस्कळीत आहे, पण ती स्त्री उठून उभी राहते तो भाग बघण्यासारखा आहे आणि हिलच्या मुंडक्याला वटवाघळाचे पंख फुटलेत. डेव्हिड गेल 1991 मध्ये वारले. तिसरा 'बियाँड री-अ‍ॅनिमेटर' (2003) वेस्टच्या तुरुंगवासाचा, कोम्ब्ससाठी बघावा. मी स्वतः मात्र पहिल्यानंतर गॉर्डनचाच 'फ्रॉम बियाँड' (1986) सुचवतो. कोम्ब्स आहे, क्रॅम्प्टन आहे, आणि इथे ती स्वतः डॉक्टर आहे, प्रयोग पुढे न्यायचा हट्टही तिचाच. मेगनच्या वाट्याला जे आलं नाही ते तिला इथे करायला मिळालंय. पुढच्या थंडीत तो लावणार आहोत, शाल घेऊन या.